सात तास बारा मिनिटं

पहाटे ५.४५. फोनवर निरोप येतो. उणे ४६. धाकट्या वर्गांची शाळा आज बंद. याकुत्स्कमध्ये पारा उणे ४५ ला टेकला की लहान मुलांना घरी बसवतात. आणखी उतरला की त्यांच्या वरचे वर्ग. नातू दुसरीत आहे. पांघरुणातून डोकं काढून तो विचारतो, "बंद?"

"शाळा बंद. माझं काम चालू आहे. ऊठ."

घरी त्याच्याजवळ थांबायला कुणी नाही. त्याची आई नेर्युंग्रीला नोकरीला आहे, दक्षिणेला आठशे किलोमीटरवर. तेव्हा तो आज आजीबरोबर विद्यापीठात जाणार. आजी तिथे शिकवत नाही. ती कोट सांभाळते.

रशियात शाळा, दवाखाना, नाटकघर, कुठेही शिरलं की अंगावरचा कोट आधी दाराशी द्यायचा. बदल्यात नंबराचा बिल्ला घ्यायचा. त्या खोलीला गार्डरोब म्हणतात. मॉस्कोत ही शिस्तीची बाब असेल. इथे लीना नदीकाठी, जिथे जानेवारीचं सरासरी तापमानच उणे ३७ च्या आसपास असतं, तिथे या खोलीशिवाय वर्ग भरू शकत नाहीत. तीन-चार किलोचा कोट घालून कुणी बाकावर बसून लिहू शकत नाही. आणि तो बाकावर काढून ठेवायचा म्हटलं तर माणसांना बसायला जागा उरत नाही.

ती चहा करते. दूध घालून. साखा लोक, ज्यांना बाहेरचे याकुत म्हणतात, ते चहा दुधाचाच पितात. बरोबर कालची उरलेली जाड धिरडी, वर लोणी. डब्यात दोघांपुरतं जेवण. मोठ्या थर्मासात आणखी चहा.

सकाळी ६.३०. कपडे. यालाच पंधरा मिनिटं लागतात. आत सुती, वर लोकरी, त्यावर कापूस भरलेली विजार. पायात उन्टी. हे बूट रेनडिअरच्या पायाच्या कातडीचे असतात, तळ नमद्याचा. कातडीवरचे केस आखूड आणि दाट, बर्फ धरत नाहीत. रबरी तळ या थंडीत कडक होतो आणि तडकतो. उन्टीच्या एका जोडीत पगाराचा मोठा वाटा जातो, पण नीट वाळवली तर ती वर्षानुवर्षं टिकते. नातवाची जोडी मावसभावाची आहे. पुढे बोळे घातलेत.

शेवटी मफलर. डोळे सोडून सगळं झाकायचं. नातवाला ती बजावते, "नाकानं श्वास. पळायचं नाही." पळलं की तोंड उघडतं आणि गार हवा छातीत जाते.

सकाळी ६.५०. बसथांबा. अजून रात्रच आहे. धुकं इतकं की रस्त्यापलीकडचा सिग्नल दिसत नाही, नुसता लाल डाग दिसतो. उणे ४० च्या खाली शहरावर हे धुकं बसतं. गाड्यांचा धूर, धुराड्यांची वाफ, माणसांचे श्वास, सगळं जागच्या जागी गोठतं आणि वारा नसल्यामुळे हलत नाही. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जुन्या जपानी आहेत, उजव्या हाताला स्टीअरिंग असलेल्या. त्यांच्या काचांवर आणखी एक काच चिकटवलेली असते. एकेरी काच आतून गोठते आणि बाहेरचं दिसेनासं होतं.

बसच्या खिडक्यांवर आतून बर्फ धरलंय. बाहेरचं काही दिसत नाही. ती थांबे मोजत बसते. नातू बोटानं बर्फावर गाडी काढतो. मोजा काढून. ती त्याचा हात धरते आणि मोजा परत चढवते.

सकाळी ७.२०. कुलाकोव्स्की रस्ता. साखा कवी अलेक्सेई कुलाकोव्स्की यांच्या नावाचा. विज्ञान शाखांची इमारत. दार उघडलं की दुसरं दार, त्यानंतर तिसरं. मधल्या जागेत हवा अडवून ठेवायची, म्हणजे बाहेरची थंडी एकदम आत घुसत नाही. तरी प्रत्येक वेळी थोडी वाफ बाहेर पडते आणि उंबऱ्यावर गोठते. रोज सकाळी एक माणूस पहार घेऊन तो बर्फ फोडतो. न फोडला तर दुपारपर्यंत दार लागेनासं होतं. दार लागलं नाही तर तळमजल्याचे नळ धोक्यात. तो वाकलेलाच मान हलवतो. ती म्हणते, "आज जाड आहे." तो म्हणतो, "काल संध्याकाळी लोक फार होते."

या संस्थेची सुरुवात १९३४ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी झाली. १९५६ मध्ये तिचं विद्यापीठ झालं. २०१० मध्ये केंद्राच्या अखत्यारीतलं ईशान्य फेडरल विद्यापीठ. नाव माक्सिम आम्मोसोव यांचं. सोव्हिएत काळात याकुतियाचं स्वायत्त प्रजासत्ताक उभं करणाऱ्यांपैकी ते एक. १९३८ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्या प्रदेशासाठी हे विद्यापीठ आहे तो जवळजवळ आपल्या भारताएवढा आहे. तीस लाख चौरस किलोमीटर. माणसं मात्र दहा लाख.

सकाळी ७.३०. पहाऱ्यावरच्या बाईकडून किल्ली. वहीत वेळ आणि सही. इथून तिचा दिवस मोजला जातो. अतिउत्तरेत काम करणाऱ्या बायकांसाठी कायद्यानं आठवडा छत्तीस तासांचा. पगार पूर्ण आठवड्याचा. पाच दिवसांनी भागलं की रोजचे सात तास बारा मिनिटं. मध्ये तासभर जेवणाचा. म्हणजे तीन बेचाळीसला सुट्टी.

निळा डगला घालते. खुंट्यांच्या रांगांमधून एकदा फिरते. बिल्ले आपापल्या खुंटीला आहेत ना, बघते. दोन नाहीत. ते नंबर ती कागदावर लिहून काउंटरवर चिकटवते. कोपऱ्यात स्टूल. स्टुलाखाली पत्र्याचा डबा: सुया, जाड नायलॉनचा दोरा, अंगुस्तान, चिमटा, कात्री. नातवाला ती शेवटच्या रांगेमागे बसवते. गणिताची वही काढून देते.

सकाळी ७.४०. आले.

जानेवारी म्हणजे परीक्षेचा महिना. आज तीन मजल्यांवर तोंडी परीक्षा आहेत. आधी मुलं आत येऊन उभी राहतात, कारण बोटं वळत नाहीत. पापण्यांवर बर्फ, भुवयांवर बर्फ, टोपीच्या केसाळ कडेवर बर्फ. मग मफलर सुटतो. मफलर आणि मोजे कोटाच्या एका बाहीत, टोपी दुसऱ्या बाहीत. उन्टी काढून पिशवीत. पिशवीतले साधे बूट पायात. मग कोट काउंटरवर येतो.

"एबे, सुप्रभात." साखा भाषेत एबे म्हणजे आजी.

"दे. पट्टी तुटली आहे तुझी."

"माहितेय. वेळच मिळाला नाही."

ती कोट घेते. आता तिच्या हातांकडे बघा. डाव्या हातावर दोन कोट, उजव्या हातात बिल्ला. चालताना नंबर बघत नाही, खुंटी हाताला माहीत आहे. मेंढीच्या कातड्याचे जड कोट खालच्या खुंट्यांना आणि जवळच्या रांगेत. पिसं भरलेली हलकी जाकिटं वर आणि लांब. हे कुणी शिकवलेलं नाही. खांदा दुखायला लागल्यावर माणूस असं शोधून काढतो. बाहेरून आलेल्या कोटावरचा बर्फ आत वितळतो, लोकर पाणी पिते आणि कोट ओल्या गोधडीइतका जड होतो. मानेमागची पट्टी शाबूत असेल तर तो खुंटीवर राहतो. तुटलेली असेल तर टोपडं खुंटीवर अडकवावं लागतं, आणि तासाभरात कोट घसरून जमिनीवर.

हिशेब साधा आहे. तीनशे कोट धरा. सरासरी तीन किलो. सकाळी नऊशे किलो वर चढवायचे, दुपारी नऊशे किलो खाली उतरवायचे. सकाळचे बहुतेक पहिल्या पाऊण तासात.

रांगेत कुणीतरी बूट काढून टाचेखाली पाच रुबलचं नाणं ठेवतं. परीक्षेला जाताना असं करायची रशियाभरची रीत आहे. एका मुलाकडे नाणं नाही. ती डगल्याच्या खिशातून काढून देते. "परत आण." तो म्हणतो, "परत आणलं तर उपयोग होत नाही, एबे." मागचे हसतात. ती पुढचा कोट घेते.

मुलं कुठकुठून आलेली आहेत. कुणी विल्युई नदीकाठचं, कुणी उत्तरेला आर्क्टिकच्या कडेचं, जिथून हिवाळ्यात विमानाचा किंवा गोठलेल्या नदीवरच्या रस्त्याचाच भरवसा. याच विद्यापीठात एवेन, एवेंकी, युकागीर या भाषा शिकवल्या जातात. युकागीर बोलणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. ती भाषा शिकवणारे आणि शिकणारे दोघंही कोट इथेच कुठल्यातरी काउंटरवर देतात.

सकाळी ८.२५. एकदम रिकामं. उशिरा आलेली एक मुलगी धावत जिन्याकडे जाते. बिल्ला काउंटरवरच राहतो. ती हाक मारते, "तोयुम!" म्हणजे माझ्या लेकरा. मुलगी परत फिरते.

सकाळी ९.३०. आत्ता सूर्य उगवतो. धुक्यामुळे खिडकी आधी करडी होते, मग गुलाबी. काचा तिहेरी आहेत.

ती डबा उघडते. हे शिवणं तिच्या कामाचा भाग नाही, कुणी सांगितलेलं नाही. तुटलेल्या पट्ट्यांचे कोट तिनं सकाळीच बाजूला टांगलेत. कातड्यातून सुई जाता जात नाही. अंगुस्तानानं रेटायची, मग चिमट्यानं ओढायची. पट्टी दुहेरी, दोन्ही टोकांना सहा-सहा टाके. तासाला चार होतात. पैसे घेत नाही. मुलं कधी चॉकलेट ठेवतात. दोरा तिच्या खर्चाचा. मला या सगळ्या दिवसात हे काम मोलाचं वाटतं. तिला मात्र ते स्वतःच्या सोयीचं वाटतं. "पट्टी असली की मला दिवसभर कोट उचलत बसावं लागत नाही."

पगाराचं बघू. तिची श्रेणी तळाची. देशाचं किमान वेतन २०२५ मध्ये महिना २२,४४० रुबल होतं. त्यावर प्रदेशाचा गुणांक ४० टक्के: ८,९७६. त्यावर उत्तरेची वाढ. ती नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांनी १० टक्क्यांनी सुरू होते आणि पाच वर्षांत ८० टक्क्यांवर थांबते: १७,९५२. बेरीज ४९,३६८. त्यातून १३ टक्के कर. हातात ४२,९५० च्या आसपास. २०२५ च्या जानेवारीत रुबल आपल्या ८५ पैशांच्या आसपास होता. पगाराच्या निम्म्याहून जास्त पैसे थंडीचे आणि टिकून राहिल्याचे आहेत.

शिवाय पेन्शन. अतिउत्तरेत ती पाच वर्षं आधी सुरू होते. पण पेन्शन घेता घेता जे काम करतात त्यांची पेन्शन २०१६ पासून महागाईप्रमाणे वाढत नव्हती. ती जानेवारी २०२५ पासून पुन्हा वाढू लागली. तिनं वाढीचा आकडा फोनवर दोनदा बघितला आहे.

सकाळी १०.४०. मागच्या दारानं नळदुरुस्तीवाला येतो. कपाळावर बॅटरी, छातीपासून गुडघ्यापर्यंत पांढरा. इमारतीच्या पोटाखालून सरपटून आलाय.

"एजी, चहा आहे?" एजी म्हणजे थोरली बहीण. ती थर्मास पुढे करते. तो पेला दोन्ही हातांत धरतो आणि बराच वेळ पीत नाही.

इमारतीखाली जागा आहे, कारण इमारत जमिनीवर टेकलेलीच नाही. याकुत्स्कखालची जमीन दोनशे-तीनशे मीटर खोलपर्यंत गोठलेली आहे. १८२८ मध्ये फ्योदोर शेर्गिन नावाच्या माणसानं इथे विहीर खणायला घेतली. व्यापारी कंपनीचा इथला कारभार तो बघायचा. नऊ वर्षं खणत राहिला. ११६ मीटर खाली गेला. पाणी लागलं नाही, शेवटपर्यंत गोठलेली माती. ती विहीर अजून आहे. तिच्यातूनच शास्त्रज्ञांनी गोठलेल्या जमिनीचं तापमान खोलवर मोजलं.

ही जमीन गोठलेली आहे तोवर खडकासारखी भार घेते. वितळली की चिखल. घराची ऊब जमिनीला लागली तर घर स्वतःच्याच उबेनं खचतं. म्हणून काँक्रीटचे खांब कितीतरी मीटर खोल रोवायचे, ते मातीत गोठू द्यायचे आणि इमारत त्यांच्यावर, जमिनीपासून वर ठेवायची. खालून हिवाळ्याची हवा खेळती राहिली पाहिजे. शहरातले नळही वरूनच जातात, गरम पाण्याच्या आणि साध्या पाण्याच्या नळ्या एकाच वेष्टणात, म्हणजे एकीच्या उबेनं दुसरी गोठत नाही. रस्ता आडवा आला की नळ्या कमानीनं वर चढतात आणि पलीकडे उतरतात.

हे सगळं बिघडवायला एक गळका सांधा पुरतो. कोमट पाणी ठिबकत राहिलं की खांबाजवळची माती मऊ होते. या शहरातल्या अनेक इमारतींना तडे गेलेत ते असेच. म्हणून तो रोज पोटावर सरपटत सांधे बघतो. बर्फाचा ढीग दिसला की समजायचं, वर कुठेतरी गळतंय.

"दिसलं काही?"

"एके ठिकाणी थोडं. आवळून आलोय. दुपारी परत बघतो." उघड्या हातानं लोखंडाला हात लावता येत नाही, कातडी चिकटते. मोजे घालून लहान बोल्ट धरता येत नाही. तो आतला पातळ मोजा ठेवतो, अर्ध्या मिनिटाला हात काखेत घालतो आणि मग पुन्हा पाना. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास गेला.

नातू रांगेमागून बाहेर येऊन त्याच्या कपाळावरची बॅटरी बघतो. तो काढून देतो.

दुपारी १२.००. काउंटर तासभर पहाऱ्यावरची बाई बघते. आजी-नातू कोटांमागे जेवतात. उकडलेलं मांस, कुट्टूची ग्रेच्का, पाव. मांस शिंगराचं आहे, भावानं गावाहून पाठवलेलं. शरद ऋतूत एक शिंगरू कापलं की ते नातेवाइकांत वाटतात. फ्रीज लागत नाही, बाल्कनी पुरते. वसतिगृहातली मुलंही खिडकीबाहेर पिशवी टांगतात. गावाकडून येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती आई-वडील मांस, मासे आणि घोटलेली साय गोठवून पाठवतात. महिनाअखेरीला ती पिशवीच उपयोगी पडते.

दुपारी १.२०. जिन्यावरून मुलं उतरू लागतात. चेहऱ्यांवरून कळतं. गुण दोन ते पाच. पाच आणि चार मिळाले तर शिष्यवृत्ती चालू. एक जरी तीन पडला तरी पास, पण पुढच्या परीक्षेपर्यंत शिष्यवृत्ती बंद. किमान रक्कम सुमारे दोन हजार रुबल, वर उत्तरेचा गुणांक. फार नाही. पण तेवढ्यात बसचं भाडं, फोनचं बिल आणि महिन्याचा चहा-पाव निघतो.

सकाळी नाणं घेतलेला मुलगा येतो. बिल्ला ठेवतो. काही बोलत नाही. ती कोट आणते, उलटा करून मानेमागची नवी पट्टी दाखवते.

"किती?"

"तीन."

"कुठला विषय?"

"भौतिक रसायन."

"पुन्हा बसता येतं का?"

"विचारायचं आहे." तो नाणं काउंटरवर ठेवतो. ती परत त्याच्या हातात देते. "विचारायला जाताना लागेल."

दुसरा एक मुलगा मीर्नीचा आहे. तिथे या विद्यापीठाची शाखा आहे, खाणकाम शिकवणारी. १९५५ मध्ये तिथे हिऱ्यांची खाण सापडली आणि खड्डा खणत खणत सव्वापाचशे मीटरवर गेला. पुढे जमिनीखालून खणू लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये खाणीत पाणी घुसलं आणि आठ कामगार परत आले नाहीत. याकुतियाचे हिरे पैलू पडण्यासाठी सुरतेला जात आले आहेत आणि तिथून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये. मुलाच्या अंगावर वडिलांचं कामावरचं कापूस भरलेलं जाकीट आहे. कोपर ठिगळांचे. पट्टी मात्र मजबूत. ती बोटानं ओढून बघते. कारखान्यातली शिवण आहे.

दुपारी २.१०. शाळेतल्या मोठ्या मुलांचा गट येतो. मॅमथ बघायला. १९९१ मध्ये सुरू झालेलं मॅमथ संग्रहालय याच इमारतीत आहे. गोठलेल्या जमिनीतून निघालेले सुळे, हाडं, केस, कातडी. २०१३ मध्ये इथल्या संशोधकांना आर्क्टिक महासागरातल्या माली ल्याखोव्स्की बेटावर मॅमथची मादी मिळाली. हजारो वर्षं गोठलेली, स्नायू अजून लाल. असे नमुने गोठवूनच ठेवावे लागतात, कारण याच शहरात जुलैत पारा तिशीच्या वर जातो.

चाळीस कोट एकदम. शाळेच्या मुलांच्या पट्ट्या कधीच शाबूत नसतात. नातू काउंटरखाली येऊन मोजे गोळा करतो आणि जोड्या लावतो. न सांगता.

दुपारी ३.००. हिशेब खात्यातली बाई चहाच्या कपासह खाली येते. "मॉस्को उघडलं." तिथे आत्ता सकाळचे नऊ. मंत्रालयाचे फोन आता सुरू होतील आणि इथल्या संध्याकाळपर्यंत चालतील. दुसऱ्या बाजूला, चुकोत्कातल्या अनादीर शाखेत सहा वाजलेत, तिथले लोक घरी गेले. एकाच विद्यापीठाचा दिवस असा दोन्हीकडून ताणलेला. "माझा कोट सातला," ती सांगते. म्हणजे दुसऱ्या पाळीवाल्या बाईला सांगायचं की १७ नंबर लवकर मागितला जाणार नाही.

दुपारी ३.४२. दुसऱ्या पाळीची बाई आली आहे. किल्ली, वही, सही. खुंट्यांवर अजून निम्मे कोट. सकाळचे दोन हरवलेले बिल्ले: एक सापडला, एका मुलीच्या दप्तरात होता. दुसरा नाही. डब्यातला दोरा संपत आलाय. दोघी मिळून आणतात, या वेळी दुसरीची पाळी. बाहेर सूर्य मावळतो आहे. बॅटरीवाला पुन्हा इमारतीखाली शिरला आहे, त्याचे नुसते बूट दिसतात.

दुपारी ४.२०. बाजार. उघड्यावर. मासे लाकडाच्या ओंडक्यांसारखे उभे करून ठेवलेत, बादल्यांत आणि खोक्यांत. चीर, नेल्मा, ओमूल. कडक गोठलेले, वास नाही, माशी नाही. दूध वाडग्यात गोठवून काढलेल्या चकत्यांचं. विकणाऱ्या बायका दिवसभर उभ्या असतात. पायांत उन्टी, उन्ट्यांवर नमद्याचे आणखी बूट, आणि पाळीपाळीनं उबेला जाऊन येतात. ती दुधाच्या दोन चकत्या घेते. एक मध्यम चीर. टोमॅटोचा भाव विचारते आणि पुढे जाते. भाजी लांबून येते. शहराजवळ लीनावर पूल अजून बांधून झालेला नाही. रेल्वे पलीकडच्या काठापर्यंत येते. हिवाळ्यात ट्रक गोठलेल्या नदीवरून चालतात, उन्हाळ्यात फेरीबोट. बर्फ धरायच्या आणि फुटायच्या दिवसांत दोन्ही बंद, तेव्हा भाव वाढतात.

संध्याकाळी ६.३०. घर. चीर उभा धरून धारदार सुरीनं वरून खाली लांब पातळ कापं काढायची. गोठलेलीच खायची, मीठ-मिरीत बुडवून. नातवाला हे काम करू देत नाही, सुरी घसरते. तो तोंडात टाकायचं काम करतो.

मग टेबलावर कागद. अतिउत्तरेत नोकरी करणाऱ्याला वर्षाच्या अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आणखी चोवीस मिळतात. आणि दर दोन वर्षांनी एकदा, देशात कुठेही रजेला जाऊन यायचं भाडं नोकरी देणारा भरतो. तिची ही दोन वर्षं या डिसेंबरला संपतात. न घेतलेलं भाडं पुढच्या खेपेला जोडून मिळत नाही. मागच्या वेळी गावच्या गवतकापणीत राहिलं ते राहिलंच.

"समुद्र बघायला जायचं?" नातू विचारतो.

"माझं भाडं देतात. तुझं नाही." भाडं नवरा-बायको आणि स्वतःच्या अज्ञान मुलांचं मिळतं. नातू त्यात बसत नाही. ती पेन उचलते. गावाचं नाव लिहायच्या रकान्यात व्लादिवोस्तोक लिहिते. मग नेर्युंग्रीला फोन लावते.

"पोराच्या तिकिटाचे अर्धे तू घाल. अर्धे माझे."

पलीकडून प्रश्न येतो, कधी.

"जूनमध्ये. जुलैत गवत कापायला जायचंय. आणि ऐक, त्याला उन्टी घ्यायला हवी पुढच्या हिवाळ्यात. पुढचे बोळे काढावे लागलेत."